चार बोटांची फट

मी मारामाऱ्या शिकवते. सिनेमातल्या. बाईमाणूस आणि फाइट मास्टर म्हटलं की लोक आधी हसतात, मग माझे हात बघतात आणि गप्प बसतात. आमच्या धंद्यात सगळी करामत एकाच गोष्टीत असते: मारणाऱ्याची मूठ आणि खाणाऱ्याचं तोंड यांच्यात चार बोटांची फट. कॅमेरा नीट जागी लावला की ती फट दिसत नाही. बघणाऱ्याला वाटतं थोबाड फुटलं, आणि फुटलेलं थोबाड संध्याकाळी घरी जाऊन निवांत जेवतं.

खाणारा बहुतेक वेळा माझा धाकटा भाऊच असायचा. त्याला सगळे बोका म्हणतात, कारण कुठूनही फेका, पायांवर पडतो. आई लवकर गेली, बाप असून नसल्यासारखा, त्यामुळे बोक्याला मीच वाढवलं. मार खायलाही मीच शिकवलं. उगाच कौतुक करत नाही, पण मार खाण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही.

आमचा एक नियम आहे, आणि तो मी कुणासाठीही मोडत नाही. मारणाऱ्याने हात उचलून थांबायचं. खाणारा आधी त्याच्या डोळ्यांत बघतो, मग माझ्याकडे बघतो. मी कायम मारणाऱ्याच्या डाव्या खांद्यामागे उभी असते. मी मान हलवते, आणि मगच हात सुटतो. हे सगळं पापणी लवायच्या आत उरकतं, बघणाऱ्याला कळतही नाही. या नियमाच्या भरवशावर बोक्याने छपरं, जिने, काचा, सगळं पचवलं होतं. एक ओरखडा म्हणून नाही.

मग तो नवा मोबाइल फोन बाजारात आला.

डायरेक्टर तरुण होता, तसा वाईट नव्हता, फक्त नव्या यंत्राने त्याच्या डोक्याचा ताबा घेतला होता. अख्खा सिनेमा फोनवर काढायचा, जोडीला स्टँडवर एक मिररलेस कॅमेरा, बस. कॅमेरामनला आम्ही घुबड म्हणायचो. त्याने मला चहाच्या टेबलावर समजावून सांगितलं. "मास्टर, जुना सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्याचा आतला डोळा, चित्र वरून खाली एकेक ओळ वाचत यायचा. गज जोरात फिरवला की वरची ओळ वाचून खालच्या ओळीवर येईस्तोवर गज पुढे सरकलेला. म्हणून पडद्यावर गज वाकडा दिसायचा. हा नवा सेन्सर अख्खं चित्र एका झटक्यात उचलतो. आणि अंधारात तर विचारूच नका."

"विचारते. अंधारात काय?"

"लाइट लागतच नाहीत," तो म्हणाला, आणि लॉटरी लागल्यासारखा हसला.

शूटिंग एका रिकाम्या गोदामात होतं. बाहेर टळटळीत दुपार, आत शटर पाडलेलं, खोक्यांच्या मागे नाइट लॅम्पएवढा एकच बल्ब. डायरेक्टरने मला काळ्या कापडाच्या आडोशातल्या मॉनिटरसमोर उभं केलं. खोटं कशाला बोलू, मी बघतच राहिले. बोक्याच्या शर्टाची बटणं मोजता येत होती. भिंतीवरची ओल दिसत होती, त्याच्या भुवईवरची लहानपणची खूण दिसत होती. मग मी मॉनिटरवरून नजर काढली, आणि मला माझाच हात दिसेना.

"इथे मारामारी होणार नाही," मी म्हणाले.

"मास्टर, सगळं लख्ख दिसतंय की!"

"तुम्हाला दिसतंय. मारणाऱ्याला दिसत नाही. तुमचा हिरो पंख्याचं बटण उजेडातसुद्धा दोनदा चुकतो, तो काळोखात माझ्या भावावर गज फिरवणार?"

हिरो बिचारा बाजूलाच उभा होता, ओशाळला. बोका मात्र हसला. त्याला हे काम हवं होतं. पहिल्यांदाच त्याचा चेहरा पडद्यावर दिसणार होता. इतकी वर्षं तो दुसऱ्यांच्या जागी पाठमोरा पडत आला होता. "ताई, आपण करू," तो म्हणाला. "नजर नाही तर आवाज. मी 'हं' म्हटल्यावर त्याने मारायचं. तू असशीलच ना तिथे?"

मी होकार दिला. सगळ्यांसमोर दोनदा वदवून घेतलं: बोक्याचा "हं" आल्याशिवाय गज सुटणार नाही, आणि फट चार बोटांची. डायरेक्टर मान डोलवत होता, पण त्याचे डोळे मॉनिटरवर होते.

मार तीन होते. पहिला तोंडावर, दुसरा बरगडीत, तिसरा गुडघ्यावर. पहिला टेक झाला. गज रबराचा होता, आणि नव्या सेन्सरने त्याचं लपलपणं स्वच्छ पकडलं. पूर्वी लोखंडही वाकडं दिसायचं, त्यात रबर खपून जायचं. आता खपेना. डायरेक्टरने रबराच्या आत पाइप घालून आणला. मी गज हातात तोलला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. "याने डोकं फुटेल," मी म्हणाले.

"पण लागणारच नाहीये ना, मास्टर! फट आहे ना चार बोटांची!"

माझाच नियम माझ्या तोंडावर फेकला मेल्याने.

दुसरा टेक. आता फट दिसायला लागली. गज अन् गाल यांच्यामधून मागची भिंत दिसत होती, तीही ओलीसकट. डायरेक्टर म्हणाला, दोन बोटं करा. मी म्हणाले, तुमच्या स्वतःच्या तोंडापाशी करा. तो जरा बाजूला जाऊन हिरोशी कुजबुजला, त्याच्या कानात डायरेक्टरचा आवाज ऐकायचं छोटं बटणासारखं यंत्र होतं ते नीट बसवलं, आणि म्हणाला, "ठीक आहे, तुमच्या पद्धतीने."

तिसऱ्या टेकला मी माझ्या जागी उभी राहिले, हिरोच्या डाव्या खांद्यामागे. डोळे फाडून बघत होते तरी समोर नुसती काळी भिंत. हिरोचा श्वास ऐकू येत होता. मी बोक्याच्या "हं"ची वाट बघत होते.

"हं" आलाच नाही. गज फिरला. आधी वारा आला आणि मग आवाज. तो आवाज मी आयुष्यभर खोटा करून दाखवलाय, ओल्या टॉवेलने, कोबीच्या गड्ड्याने, चामड्याच्या पट्ट्याने. खरा आवाज त्यातल्या कशासारखाच नसतो. तो लहान असतो, ओला असतो.

"कट!" मी ओरडले. पण मी कट म्हणून उपयोग नसतो, हिरो डायरेक्टरचं ऐकतो, आणि डायरेक्टर काही बोलत नव्हता. तो मॉनिटरकडे बघत होता. कधी आलं नव्हतं असं चित्र आलं होतं त्याच्यासमोर. मग हिरोने ठरल्याप्रमाणे दुसरा मारला. बरगडी मोडली ती मला ऐकू आली. मी झेपावले. तिसरा गुडघ्यावर जायचा होता तो माझ्या हातावर बसला, कोपराखाली, आणि हात खांद्यापर्यंत बधिर झाला. दुसऱ्या हाताने मी हिरोची मान धरली, गुडघा पोटात घातला, तो दुमडला तसं कोपर पाठीत घातलं. तो खाली पडून रडत होता. "त्यांनी कट म्हटलंच नाही! ते म्हणाले, तो बघतोय, मार!"

मी चाचपडत शटरपाशी गेले आणि एका हाताने ते वर फेकलं.

दुपारचं ऊन आत घुसलं. बोका गुडघ्यांवर होता. पडला नव्हता, बोका ना तो. डावा हात चेहऱ्यावर होता, आणि बोटांच्या मधून जे खाली येत होतं ते नुसतं रक्त नव्हतं. तोंड उघडं होतं, जबडा एका बाजूला लोंबत होता. उजवा डोळा उन्हात मिचकावत तो मला शोधत होता.

आणि डायरेक्टर ओरडला, "शटर! शटर कुणी उघडलं?"

त्यानंतर मी जे केलं त्यात कसलीच फट नव्हती. मॉनिटर उचलला आणि त्याच्या डोक्यात घातला. तो खुर्चीसकट मागे गेला. मी त्याच्या छातीवर बसले आणि बऱ्या हाताने मारत राहिले, नाक, ओठ, पुन्हा नाक, त्याचा दात माझ्या बोटात रुतला तरी मारत राहिले. घुबडाने आणि दोन लाइटवाल्यांनी मला ओढून काढलं. बिनकामाचे लाइटवाले, त्या दिवशी तेवढं एकच काम त्यांना मिळालं.

बोक्याचा डावा डोळा गेला. डॉक्टरांनी जबडा तारेने बांधला.

पोलिसांत मी गेले. इन्स्पेक्टर सरळ माणूस होता, कुणाच्या खिशातला नव्हता, आणि तेच जास्त वाईट झालं. त्याने फोनमधला शॉट मागवला, टेबलावर ठेवला, आणि माझ्यासमोर लावला. स्लो मोशनमध्ये काढलेला, त्यात आवाज घेतलेलाच नाही. बोका उभा आहे, चेहरा स्वच्छ, मान वर, डोळे उघडे. डोळे हलतात, समोर स्थिर होतात. मग गज येतो, काठीसारखा सरळ, कुठे वाकडा नाही, आणि लागतो. मी तोंडावर हात ठेवला.

"बाई," इन्स्पेक्टर म्हणाला, "तुम्ही म्हणता काळोख होता. मला तर भिंतीवरची ओल दिसतेय. तो माणूस समोर बघतोय, तयार उभा आहे. डायरेक्टर म्हणतात नजर मिळाली, हिरो म्हणतो नजर मिळाली. आणि डायरेक्टरचं नाक मात्र तुम्ही फोडलंय, तेही उजेडात."

हिरोने जबाब फिरवला होता. घाबरला असणार.

"साहेब, तो कॅमेऱ्याचा उजेड आहे. जागेचा नाही."

"उजेड तो उजेड," तो म्हणाला. जिथे आम्ही आंधळे होतो, तिथला पुरावा दिवसासारखा लख्ख होता. उद्या हा शॉट सिनेमात लागला असता, लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या, आणि माझा भाऊ स्वतःच्या चुकीने डोळा घालवून बसला म्हणून कागदावर कायमचा राहिला असता. पुन्हा त्याला कुणी उभं केलं नसतं. मी हात जोडले. म्हटलं, एकदा जागा बघायला चला, डायरेक्टरलाही घेऊन.

तो आला. डायरेक्टर आला, नाकावर पट्टी, माझ्यापासून लांब लांब. घुबडही आला, खाली मान घालून. मी खोक्यांमागचा तोच बल्ब लावला, डायरेक्टरला बोक्याच्या जागी उभं केलं, आणि घुबडाला म्हणाले, "पाड शटर."

काळोख झाला. इन्स्पेक्टरच्या तोंडून "अरे!" निघालं.

जमिनीवर पाइपाचा एक तुकडा पडला होता, तो मी आत शिरतानाच हेरून ठेवला होता. तो उचलला. डावा हात अजून प्लास्टरमध्ये होता, त्याची बोटं डायरेक्टरच्या छातीला टेकवली, अंतर घेतलं, एक पाऊल मागे आले. माझा हात अंतर चुकत नाही.

"मी तुमच्या डोळ्यांत बघतेय," मी म्हणाले. "नजर मिळाली का?"

त्याचे बूट जमिनीवर चुळबुळले.

"मिळाली का? मी मारू?"

खरं सांगते, मला मारायचं होतं. बरगड्यांपासून सुरुवात करायची होती आणि दमेपर्यंत थांबायचं नव्हतं. त्याचा डोळा कुठे आहे ते मला नेमकं ठाऊक होतं. मी पाइप फिरवला, पूर्ण ताकदीने. हवा फाटल्याचा आवाज झाला. त्याच्या नाकावरची पट्टी वाऱ्याने फडफडली असेल.

तो किंचाळला. मागे खोक्यांवर पडला, तिथूनच हात झाडत ओरडायला लागला. "दिसत नाहीये! मला काही दिसत नाहीये! कुठे आहात तुम्ही? त्यालाही दिसत नव्हतं, मान्य आहे, मीच कानात सांगितलं मार म्हणून, शटर उघडा हो!"

मी दुसऱ्यांदा पाइप उचलला होता. तो उचललेला हात खाली आणायला मला जेवढी ताकद लागली, तेवढी आयुष्यात कधी लागली नव्हती.

शटर उघडलं तेव्हा इन्स्पेक्टर भिंतीला चिकटून उभा होता, टोपी छातीशी धरून. माझ्या हातातला पाइप त्याने पाहिला. डायरेक्टरचं तोंड पाहिलं, एक नवा ओरखडाही नव्हता. घसा खाकरून म्हणाला, "ऐकलं मी," आणि लिहायला लागला. घुबड म्हणाला, माझंही लिहा.

मी तिथून थेट हॉस्पिटलला गेले आणि बोक्याच्या उशाशी स्टूल ओढून बसले. सगळं सांगितलं. तारेमधून त्याला जेमतेम बोलता येत होतं.

"मारलंस?"

"नाही."

"किती?"

"चार बोटं."

"मग फट दिसली असती," तो म्हणाला. हसायला गेला आणि कळवळला. मीही हसले आणि रडले, दोन्ही एकदमच झालं.

तो छताकडेच बघत होता. मग म्हणाला, "त्या वेळी कुठे होतीस गं?"

"तिथेच. त्याच्या डाव्या खांद्यामागे."

"मी शोधत होतो तुला."

"माहीत आहे. शॉटमध्ये दिसतं. ते म्हणतात तू त्याच्याकडे बघतोयस. तू माझ्याकडे बघतोयस, रे."

त्याचा हात चादरीवर काहीतरी चाचपत होता, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी त्याच्या डाव्या बाजूला बसलेय. पट्टीच्या बाजूला. इतका वेळ त्याला मी दिसतच नव्हते. मी उठले, पलंगाला वळसा घालून उजवीकडे आले आणि त्याच्या तोंडासमोर वाकले.

"आता दिसतेय का?"

"हं," बोका म्हणाला.