पांढरीकडची ट्राय

पुंजारामने सोयाबीनच्या भुसकटाची पाटी मैदानावर उपडी केली, पायानेच इकडेतिकडे पसरली आणि तो पुढची आणायला वळला. तेवढ्या वेळात गोठ्याच्या पत्र्याखाली बसलेल्या सुमेधाचा आष्टीच्या कोचपुरता, अर्पितापुरता, हिशेब मांडून झाला होता. पावसामुळे अंतिम सामना झाला नाही तर अर्पिताला सगळंच मिळत होतं. गेल्या वर्षीचे विजेते म्हणून आष्टीच्या पोरी बसल्या जागेवरून विभागीय स्पर्धेला जाणार. कुणाचा गुडघा फुटणार नाही, नवे कोरे बूट चिखलात जाणार नाहीत. सामना झाला तर हे सगळं पणाला, आणि वर मिळणार काय, तर न खेळता जे मिळत होतं तेच. अशा सौद्याला हो म्हणणारं माणूस सुमेधाने मंठ्याच्या मोंढ्यात तरी पाहिलं नव्हतं.

तिचा स्वतःचा हिशेब त्याहून सोपा होता. तिच्या सातही पोरी बारावीच्या. मंठ्याचा रग्बीचा संघ ती शिकवायला लागल्यापासून एकदाही जिल्ह्याबाहेर गेला नव्हता, आणि आज न खेळता जीपमध्ये बसल्या तर ह्या पोरी पुन्हा कधीच एकत्र मैदानावर येणार नव्हत्या. त्या पलीकडे बाभळीखाली उभ्या होत्या, आणि दर थोड्या वेळाने मीना, त्यांची कॅप्टन, गोठ्याकडे बघत होती.

पंच नागसेन सर शिट्टीच्या दोरीला पीळ देत आले.

"हे बघा मॅडम, दोघीबी हो म्हणल्या तर मी खेळवतो. एक जरी न्हाई म्हणली, तर रद्द. नियम काय मी केला न्हाई. पाऊस पुन्हा यायच्या आत सांगा."

सुमेधाने अर्पिताकडे पाहिलं. अर्पिता, ह्याच रानाच्या मालकाची, पुंजारामची सून, खाटेवर मांडी घालून बसली होती आणि मागच्या भिंतीवर लिंपलेला मातीचा गारा नखाने खरवडत होती.

"बोलून घेतो आम्ही, सर," अर्पिता म्हणाली. नाही म्हणाली नाही, एवढं सुमेधाने टिपून ठेवलं.

जालन्याचं मैदान भरतीच्या धावण्यासाठी अडकलं म्हणून अंतिम सामना आष्टीला आला होता. पुंजारामने आपलं मोकळं रान स्वतःहून दिलं होतं. माणूस इतका उदार का झाला, ह्याची चौकशी कुणी केली नव्हती. रान गावाला लागून, अर्धं काळ्या मातीचं, अर्धं जुन्या पांढरीचं, म्हणजे पडक्या घरांच्या पांढऱ्या मातीचं. काळीत पाय रुतायचा तो बूट सोडूनच वर यायचा. पांढरीवर पाय ठेवला की तो आपला राहायचाच नाही. तीन दिवसांच्या पावसाने दोन्ही माती पिऊन तर्र झाली होती.

"तेव्हापेक्षा बरंच हाय म्हणायचं," सुमेधाने मैदानाकडे बघत, कुणालाच उद्देशून नाही असं म्हटलं.

"कव्हापेक्षा?"

"आपल्या येळेपेक्षा. तेव्हा तर मध्यावर बेडूक बसल्ते."

अर्पिताचं नख थांबलं.

"बेडूक एकच होता. आन् तो तुमच्या मंठ्याच्या बाजूला होता."

सुमेधाने हसू गालात ठेवलं. गळ लागला होता.

दहा वर्षांपूर्वी, ह्याच रानावर, दोघी एकमेकींविरुद्ध खेळल्या होत्या. त्या दिवशी पाऊस वरून पडत नव्हता, आडवा येत होता. पहिल्या पाच मिनिटांत कोण कुठल्या संघाची हे आईलाही ओळखू आलं नसतं. काळीकडे पडलेल्या पोरी काळ्या, पांढरीकडे पडलेल्या राखाडी, आणि ज्या दोन्हीकडे पडल्या त्यांना बघून काठावरच्या म्हशी दावं ओढत होत्या. लाइनीपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय, पाच गुण; पण लाइनही धड दिसत नव्हती.

"पास द्यायचा तर ओरडून नाव विचारावं लागायचं," सुमेधा म्हणाली. "'तू कोण गं?' 'मी सविता!' 'कोणती सविता, आमची का त्यांची?'"

"तू माझ्या हातात दिल्ता की एकदा पास!" अर्पिता खाटेवरून उतरलीच. "मी नुसतं 'हिकडं' म्हणले, आन् ह्या बाईनं दिला. मी पळत सुटले."

"पळत? रांगत."

"रांगत का होईना, ट्राय झाली ना? पाच-पाच झालं ना?"

"झालं. मंग शेवटचं सांग."

"शेवटचं तू सांग. दरवर्षी पोरींला तूच सांगतीस म्हणं."

सुमेधाने चेंडू उचलला, पोटाशी धरला आणि गोठ्याच्या मधोमध उभी राहिली. गाय बाजूला सरकली. अर्पिता अशी येत होती, असं म्हणत तिने दाखवलं, मान खाली, डावा खांदा पुढे. आणि मी हिकडून. कमरेला धरलं. धरलं म्हणजे काय, दोघी एकदमच पडलो, आणि पडल्यावर थांबलोच नाही. पांढरीवरून घसरत, घसरत, एकमेकींच्या अंगाखाली, चेंडू कुठे तरी मध्ये, आणि लाइन कधी मागे गेली ते समजलंच नाही.

"माझ्या तोंडात अर्धं रान गेल्तं," अर्पिता म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "आन् वरून तुझा गुडघा."

"गुडघा माझा न्हवता."

"मंग काय म्हशीचा होता? हा दात बघ. बसवलेला हाय. तुझ्यामुळं."

बाभळीखालच्या पोरी आता सरळ इकडेच बघत होत्या. दोन कोच गोठ्यात एका चेंडूला लोंबकळून भांडतायत हे त्यांना दुरून कसं दिसत असेल कोण जाणे.

"आन् मंग पंच आले," सुमेधा हळू आवाजात म्हणाली. हा तिचा आवडता भाग होता. दरवर्षी नव्या पोरींना ती हा भाग मैदानात गोल बसवून सांगायची. "वाकून बघितलं. चेंडू मातीच्या रंगाचा, हात मातीच्या रंगाचे. काहीच दिसंना. त्यांनी सरळ तुलाच विचारलं, टेकवला का? तू हो म्हणली असतीस तर ट्राय होती. जिंकल्या असत्या तुम्ही. पण तू गप बसलीस. शपथ सांगते अर्पिता, मी पोरींना सांगते, समोरची पोरगी कशी पाहिजे तर अशी पाहिजे. जे केलं न्हाई त्याला हो म्हणाली न्हाई."

 खाटेच्या पायाला टेकून अर्पिता इतकी हसली की तिला डोळ्याला पदर लावावा लागला.

"असं सांगतीस?"

"मंग?"

"अगं बाई, तोंडात दात होता माझ्या. सुटा. आन् रगत. तोंड उघडलं असतं तर रगत दिसलं असतं, रगत दिसलं की बाहेर काढतेत. शेवटचं मिनिट होतं. मी म्हणलं, गप बसावं, गिळून घ्यावं, आन् बरोबरी झाली की जादा डावात बघावं."

"मंग टेकवला होता?"

"मला काय माहीत? खाली जमीन लागायला पाहिजे ना टेकवायला! होती कुठं जमीन? नुसता गारा." अर्पिताने पुन्हा डोळे पुसले. "आन् गप बसून तरी काय झालं? ओठातून रगत आलंच, दातबी चिखलात पडला. काढलं बाहेर, बदलीला कुणी न्हवतं. मी बसले ह्याच म्हशींजवळ, आन् तुम्ही आमच्या उरलेल्या सहा जणींमधून दुसरी ट्राय मारून गेलात."

 सुमेधाची इतकी वर्षं सांगितलेली गोष्ट अशी एका दातावर मोडली होती, आणि तिला त्याचं वाईट वाटायला हवं होतं. तिला हसूच येत होतं.

"तो दात?" तिने विचारलं.

"हितं कुठं तरी हाय." अर्पिताने भिंतीवर थाप मारली. "मॅचच्या दुसऱ्या दिवशी मामंजींनी पांढरीकडचा सगळा गारा उचलला आन् ही भिंत लिंपून काढली. भुसकट त्यांनीच टाकल्तं, पाणी देवानं, आन् तुडवायला आपण. एवढा एकजीव गारा बैलं फिरवूनबी होत न्हाई, असं सांगतेत लोकांला. चार वर्षांनी मला बघायला आले तव्हा पहिलं वाक्य काय बोलले माहितीय? 'दात पडला तरी रडली न्हाई ती हीच का?'"

तेवढ्यात पुंजाराम रिकामी पाटी काखेत घेऊन पत्र्याखाली आला. धोतर गुडघ्यापर्यंत राखाडी झालं होतं.

"काय ठरलं? खेळून राह्यल्या का न्हाई?"

"ठरवतोय काका."

"ठरवा जल्दी. किती येळ असतीय ही मॅच?"

"सात सात मिनिटांचे दोन डाव."

"बस?" पुंजारामचा चेहरा उतरला. "चौदा मिनटात काय होतंय? खेळवा की चांगलं तासभर. पोरी दुरून आल्यात."

सुमेधाने मैदानाकडे पाहिलं. भुसकट फक्त पांढरीच्या बाजूला पसरलेलं होतं. काळीकडे एक पाटीसुद्धा नव्हती. तिने अर्पिताकडे पाहिलं. अर्पिताने छताकडे.

"मला चढवून राह्यलीस, कळतंय मला," अर्पिता म्हणाली. "बेडकापासून कळतंय. मागच्या टायमालाबी रद्दच होणार होती मॅच. तव्हाबी तूच आल्तीस माझ्याकडं, 'काय गं, चिखलाला भेली का' म्हणत."

"आन् भेलीस का आता?"

 अर्पिताच्या पोरी पलीकडे प्लास्टिकच्या कागदावर उभ्या होत्या, बुटांना माती लागू नये म्हणून एका पायावरून दुसऱ्या पायावर होत. तिने त्यांच्या कोऱ्या बुटांकडे पाहिलं. मग तिने साडी खोचली आणि ओरडली,

"सर! वाजवा शिट्टी!"

मंठ्याच्या पोरींनी बूट बाभळीखाली काढून ठेवले होते. हे सुमेधाने सकाळीच सांगितलं होतं. आष्टीच्या पोरींनी काढले नाहीत. अर्पिता काठावरून घसा फोडून सांगत होती, "काढा गं ते!" पण नवीन बूट पहिल्यांदा घातलेल्या पोरीला ते काढ म्हणणं सोपं नसतं. काळीकडे त्यांच्या एकेका पायाला पायलीभर माती चिकटली, आणि त्यातून मीना अनवाणी, पाणकोंबडीसारखी टपटप पाय उचलत निघाली. दोघींनी तिला धरलं, तिघी पडल्या, पण मीनाचा हात चेंडूसकट लाइनीपलीकडे पडला होता. नागसेन सरांचा हात सरळ वर. मंठा पाच.

पाऊस आला. थांबवा असं कुणीच म्हणालं नाही. काठावर अर्धं गाव जमलं होतं. एक जण विचारत होता, "पुढं पळायचं आन् चेंडू मागं द्यायचा, हा कुठला न्याय?" आणि दुसरा त्याला गप करून मीनाच्या नावाने ओरडत होता, आष्टीचा असून. पुंजाराम पांढरीच्या कडेने छत्री घेऊन फिरत होता. "हिकडं खेळा की पोरींनो! हिकडं मऊ हाय!"

शेवटच्या मिनिटाला त्याचं ऐकल्यासारखं झालं. आष्टीच्या भावनाने बूट भिरकावून दिले, चेंडू उचलला आणि पांढरीवर शिरली. मीनाने तिला कमरेत पकडलं. दोघी घसरल्या, भुसकटाचा फवारा उडाला, लाइन मागे पडली.

सुमेधा आणि अर्पिता दोघीही चिखलात शिरल्या होत्या. कधी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

नागसेन सर वाकले. चेंडू दिसत नव्हता. त्यांनी भावनाला विचारलं, "टेकवला का गं?" हो म्हटलं की पाच-पाच.

भावनाने मनगटाने तोंडावरचा चिखल पुसला. दात सगळे जागेवर होते.

"न्हाई सर. हात खाली होता. चेंडू हातावर ऱ्हायला."

शिट्टी वाजली. मंठ्याच्या पोरी एकमेकींच्या अंगावर पडून किंचाळत होत्या.

"हिला तोंड मिटायला काय झाल्तं?" अर्पिता दातांवर दात ठेवून पुटपुटली. पण भावना समोरून आली तेव्हा तिने तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि चिखलाने भरलेल्या केसांवरून एकदा हात फिरवला.

जीप निघायच्या आधी सुमेधा पत्र्याखाली बॅग घ्यायला आली. तिच्यामागून अर्पिता आली, सामन्याचा चेंडू हातात घेऊन. चेंडूवरून राखाडी पाणी टपकत होतं.

"आभार मानले असते," सुमेधा म्हणाली, "पण तू लगेच काही तरी बोलशील."

"थांब. माझं एक ऱ्हायलंय." अर्पिता भिंतीसमोर उभी राहिली. "ती जागा हितंच हाय ना कुठं तरी? ज्या चिखलात आपण पडलो ती?"

तिने दोन्ही हातांनी चेंडू भिंतीवर ठेवला आणि अंगाचा सगळा भार त्यावर टाकला.

"घे. टेकवला."

सुमेधाने बॅग खाली ठेवली. दोन पावलं पुढे येऊन, गुडघ्यांवर हात ठेवून, तिने वाकून नीट पाहिलं. मग सरळ उभी राहिली आणि उजवा हात पंचासारखा ताठ वर केला.

भिंतीचा सुपाएवढा पोपडा धप्पकन खाली आला.

"अगं, अगं, अगं!" पुंजाराम धावत आला. "दहा वर्षं टिकल्ती ती!"

अर्पिता खाली बसली होती आणि पोपडा बोटांनी चुरत होती. आत भुसकट निघालं, पिवळं, कालचं असल्यासारखं. दुसरं काही नाही.

"दुसरीकडं असंल," ती म्हणाली.

पुंजारामने उघड्या भिंतीकडे पाहिलं, मग मैदानाच्या पांढऱ्या बाजूकडे, जिथे चौदा पोरींनी घोळून घोळून केलेला गारा लोण्यासारखा पडला होता. त्याचा चेहरा हळूहळू निवळला. तो आत गेला आणि दोन घमेली घेऊन बाहेर आला.

"पाडणारी एक, हात वर करणारी एक," तो म्हणाला. "आता लिंपून जायचं. जीप थांबंल."

सगळं मिळून बघता, आष्टीने विभागीय स्पर्धा हातची सोडली, भावनाने ती स्वतःच्या तोंडाने सोडली, आणि अर्पिताचा दात तर कधीच मातीत जमा झालेला होता. मंठ्याने सांगायची एक गोष्ट गमावली. बदल्यात भावनाची मिळाली. पुंजारामने भुसकट घातलं, तेही भिंतीत परत येणार होतं. दोघींनी चपला पत्र्याखाली काढल्या आणि घमेली घेऊन पांढरीत उतरल्या. पहिल्याच पावलाला सुमेधा घसरली, तिने अर्पिताला धरलं, आणि दोघी खाली बसल्या त्या लवकर उठल्या नाहीत.