संशयाची काडतुसं

लीलाधर चौधरी जळगावच्या रायफल क्लबचा जुना सभासद, पण स्पर्धेत स्वतः कधी उतरला नाही. त्याचा जीव काडतुसं भरण्यात. वापरलेली पितळी नळकांडी साफ करायची, सोनाराच्या काट्यावर बंदुकीची दारू तोलून आत घालायची, वर गोळी बसवायची. सगळं रीतसर परवान्यावर. काटा हलू नये म्हणून वैशाखातही पंखा बंद. दारू कमीजास्त झाली की गोळी वरखाली जाते. त्याचा मित्र रुपचंद, कापडाचा व्यापारी, याच भरवशावर नेम धरी.

सत्त्याऐंशी साली धुळ्याला स्पर्धा होती. आदल्या दिवशी दुपारी रुपचंद काडतुसं न्यायला आला. डबा पुढ्यात होता, पण लीलाधरने तो दिला नाही.

"भरत असताना चाळीसगावचा मेव्हणा आला, म्हणून उठलो," तो म्हणाला. "परत येऊन सरळ पुढे भरत गेलो. गोळ्या बसवून झाल्यावर मनात आलं, उठण्याआधी हातातल्या नळकांड्यात दारू टाकली तर नव्हती?"

"म्हणजे एकात दुप्पट असेल?"

"असेल, नसेलही. पण रायफल फुटली तर तुझ्या तोंडाशी फुटेल."

"काडतुसं तोलून बघा ना, भाऊ."

"नळकांड्यांचीच वजनं सारखी नाहीत. बाहेरून खात्री होत नाही."

लीलाधरने एकेक गोळी उपसली, आतली दारू काट्यावर घातली. रुपचंद समोर बसून बघत होता. लीलाधरची बायको पुष्पाबाई चहा ठेवून गेल्या, तो तसाच निवला. शेवटच्या काडतुसातलीही दारू बरोबर निघाली.

"बठ्ठी बरोबर होती, एकूण एक," रुपचंद म्हणाला.

"हो."

तोवर रात्र झाली होती आणि पहाटे निघायचं होतं. पुन्हा भरायची तर घाई करावी लागली असती, आणि घाईत भरायला लीलाधर तयार नव्हता.

धुळ्यात रुपचंदने विकतची काडतुसं वापरली. गोळ्या लक्ष्यावर विखुरल्या आणि गेल्या वर्षीचा पहिला नंबर पार खाली गेला. लीलाधर मागे उभा होता. त्याला वाईट वाटलं, पण पुन्हा वेळ आली असती तरी त्याने तो डबा दिला नसता.

परतीच्या वाटेवर एसटी एरंडोलला थांबली तेव्हा रुपचंद दोन चहा घेऊन आला.

"पुढच्या वेळी भरायला बसाल तेव्हा मला सांगा," तो म्हणाला. "मी ओट्यावर बसतो. कोणी आलं तर मी बघून घेईन."

लीलाधरने मान डोलावली आणि चहा बशीत ओतला.