नत्र भरपूर

"साहेब, या मातीला मुताचा वास येतोय."

मावशींनी परात थेट साहेबांच्या फायलींवर ठेवली. साहेबांनी नाकाला रुमाल लावला.

माती तपासणीच्या त्या प्रयोगशाळेत मावशी एकवीस वर्षं माती वाळवत, कुटत, चाळत आल्या होत्या. आज त्यांच्यापुढे चाळीस शेतांच्या चाळीस पिशव्या होत्या, प्रत्येकीवर वेगळ्या शेतकऱ्याच्या नावागावाची चिठ्ठी. तिसरी उघडताच त्यांचा हात थबकला. तोच वास, तीच विटांची भुकटी, तीच विडीची थोटकं. ऑफिसच्या मागच्या भिंतीकडची माती ती, जिथे सगळा स्टाफ आडोशाला जातो.

नमुने आणणारा दारात दात कोरत उभा होता. "उन्हात चाळीस शेतं कोण तुडवणार, मावशी? माती ती मातीच."

"मग वाढू का तुझ्या ताटात मूठभर?"

"पुरे," साहेब म्हणाले. "कुटा आणि सही करा. संध्याकाळी अहवाल जायचेत."

"त्यात काय येईल, सांगू? नत्र भरपूर, खत नको. चाळीस घरं आपल्या शब्दावर विसंबून हात आखडता घेतील आणि उभं पीक पिवळं पडेल. तुमच्या मुतारीपायी. देवाच्या दारात काय तोंड दाखवू मी?"

"सही करायची नसेल तर उद्यापासून येऊ नका."

मावशींच्या ओठांवर बरंच काही आलं होतं. पण या माणसांशी भांडायचीही त्यांना किळस आली. त्यांनी चाळीसही चिठ्ठ्या सोडवून घेतल्या. चिठ्ठ्यांवाचून अहवाल निघणार नव्हते. पिशव्या त्याच भिंतीशी रित्या केल्या, कोपरापर्यंत हात धुतले, कपाटातल्या कोऱ्या पिशव्या आणि खुरपं घेतलं आणि बस पकडली.

पहिल्या चिठ्ठीवरच्या शेतात एक म्हातारी तण काढत होती.

"आजी, तुमच्या मातीचा नमुना पुन्हा घ्यायचाय."

"पुन्हा? अगं, पहिल्यांदा कधी घेतलात?"

मान वर न करता मावशी म्हणाल्या, "चुकलं आमचं."

म्हातारीने हातातलं खुरपं बाजूला ठेवलं. "बरं, किती खड्डे खणणार?"

"आठ."

"एकटीच? आधी पाणी तरी पी."

"आठ झाल्यावर पिते."

त्यांनी पालापाचोळा हाताने बाजूला सारला, गुडघे टेकले आणि वीतभर खोल पहिला खड्डा खणायला घेतला.