पंपाचं तुटलेलं पातं

फारुख कुवेतला एका शेखच्या स्पीडबोटी सांभाळायचा आणि त्याची स्वतःची बोट रोह्याजवळ, खाडीकाठच्या घराच्या अंगणात ट्रॉलीवर बसून असायची. लोकांची शेतं नांगरायची नि आपलं रान पडीक, तसला प्रकार. जाताना त्याने बायकोला बजावलं होतं, "मलिका, आठवड्यातून एकदा इंजिन चालव. बोटीच्या मागं इंजिनाचा पाय लोंबतो, त्याच्या पानी ओढायच्या भोकांवर रबरी वाट्या लाव, नळाचा पाइप जोड, मगच चावी फिरव. गोडं पानी फिरलं नाय तर आतला खार इंजिन खाऊन टाकील."

दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज आटोपून त्याचा व्हिडिओ कॉल आला, की मलिका बोटीत चढायची आणि फोन काठावर टेकवायची. इंजिन घरघरायचं, मागून पाण्याची धार पडायची आणि तिकडे फारुख डोळे मिटून ऐकायचा. नवराबायकोचं बोलणं थोडं, इंजिनाचंच जास्त. शेजारणी हसायच्या, "काय गो बोटीचे लाड!" हसू देत. त्यांचे नवरे धाटावच्या कारखान्यातली शिफ्ट सुटली की घरी येतात, त्यांना काय ठाऊक?

एक काम मात्र मलिकाचं नव्हतं. पाणी ओढणाऱ्या पंपात रबराचा पंखा असतो, इंपेलर म्हणतात त्याला. तो दरसाल बदलावा लागतो आणि तो फारुख सुट्टीवर आला की स्वतः बदलायचा. विमानतळावरून येताना वाटेत वडखळला पोचला की फोन करायचा, "चहा ठेव." वडखळ कुठे, घर कुठे! चहा उकळून उकळून त्याचा काढा व्हायचा. तो काढा पिऊन, कपडेही न बदलता तो पंपाशी बसायचा. मलिकाची खरी ईद ती.

पण गेली तीन वर्षं त्याचं 'पुढच्या साली येतो' चाललं होतं. नवा इंपेलर त्याने गावच्या कुणाबरोबर पाठवून दिला आणि रोह्याच्या महिपती फिटरकडून बसवून घ्यायला सांगितलं. मलिकाने महिपतीला बोलावलंच नाही. डबी कपाटात, फारुखच्या सदऱ्यांखाली ठेवली आणि "बसवला" म्हणून ठोकून दिलं. पंखा बसला तर हा माणूस कशाला यायचा? हिशेब वेडा खरा, पण वाट बघणाऱ्या बाईला शहाणा हिशेब परवडत नाही.

त्या शुक्रवारी इंजिन सुरू झालं आणि लगेच फोनमधून आरोळी आली, "बंद कर! आधी बंद कर!"

तिने घाईने चावी फिरवली.

"आवाज कोरडा हाय. धार पडत होती का?"

तिने मागे वाकून पाहिलं. "नाय. ठिपकतंय नुसतं."

"मलिका, इंपेलर खरंच बदललास?"

चोराच्या मनात चांदणं. ती म्हणाली, "कपाटात हाय. तुमी येऊन बसवाल म्हनून ठेवलाय."

फारुखला रागवायचं असावं, पण ते जमलं नाही. "पाना आन," एवढंच तो म्हणाला.

तो सांगत गेला तसं तिने पंपाचं झाकण सोडलं आणि पकडीने पंखा ओढून काढला. पाती एका अंगाला वाकून कडक झाली होती आणि दोन तर मुळातूनच तुटली होती.

"तुकडे शोध," फारुख म्हणाला. "आत अडकले तर पानी अडंल नि इंजिन तापून जाईल. दोनी मिळाल्याबिगर चालवायचं नाय."

एक तुकडा पंपातच होता. दुसऱ्यासाठी तिने पंपातून इंजिनाकडे जाणारा पाइप सोडवला, आत बोट घातलं आणि तोही हाताला लागला. नखाएवढा काळा तुकडा. मलिकाने तो मुठीत दाबला.

"नाय मिळत," ती म्हणाली. "फार आत गेला असंल."

"मग सगळं खोलावं लागंल. महिपतीला सांगतो..."

"महिपती नको!" तिने मूठ आणखी आवळली. "तुमी या. आठवन येते तुमची. इंजिनाचा आवाज ऐकवून किती दिवस काढू?"

फारुखने चेहरा पडद्याजवळ आणला.

"मूठ उघड गो," तो हळूच म्हणाला.

काठावरच्या फोनला सगळं दिसत होतं, हे ती पार विसरली होती. तिने मूठ उघडली. फारुख हसला आणि हसता हसता त्याने बाहीने डोळे पुसले.

"मला काय नाय दिसलं," तो म्हणाला. "आजच शेखकडं सुट्टी मागतो. सांगतो, घरी पंपाचं पातं हरवलंय, माझ्याबिगर कुनाला मिळायचं नाय."

मलिकाने तो तुकडा ओढणीच्या टोकात गाठ मारून बांधला.

"वडखळला आलात का फोन करा," ती म्हणाली. "चहा ठेवते."