सावली कुठं द्यायची

"गाल आत ओढ," शैलजाताई म्हणाल्या. "मासा तोंड करतो ना, तसं."

सुचिताने गाल आत ओढले. हाडांखाली खळगे पडले आणि आरशातून तिची थोरली बहीण तिच्याकडे बघू लागली. तिने गाल लगेच सोडून दिले.

"अगं, धरून ठेव. त्या खळग्यातच तर गडद रंग भरायचा. कानापासून निघायचं, ओठांच्या कोपऱ्याकडे यायचं, पण अर्ध्या वाटेत थांबायचं. कॉन्टूर म्हणजे दुसरं काय, सावली. जे मागे ढकलायचं तिथं सावली, जे पुढे आणायचं तिथं उजेड."

साखरखेर्ड्याच्या बाजारगल्लीत एका किराणा दुकानाच्या माडीवर शैलजाताईंचं पार्लर होतं. लग्नसराई ओसरली की त्या नवशिक्या मुलींना मेकअप शिकवत. बाकीच्या मुलींना पुढे स्वतःचं पार्लर काढायचं होतं. सुचिताला काय करायचंय, हे तिने सांगितलं नव्हतं. दुपारची भांडी आवरून, भाचीला झोपवून ती यायची आणि खुर्चीला पाठ टेकल्यावर अशी डोळे मिटायची, की शैलजाताई आधी तिच्या हातात पाण्याचा ग्लास द्यायच्या.

"ताई, मले उलटं शिकवा," आज ती म्हणाली.

"उलटं म्हणजे?"

"नाक रुंद दिसलं पाहिजे. चेहरा गोल. हनुवटी आखूड."

शैलजाताई हसल्या. "इतक्या वर्षांत असं कुणी मागितलं नव्हतं बाई. सगळ्यांना नाक चाफेकळी हवं, आणि तुझं आहेच तर..." पण आरशातला तिचा चेहरा बघून त्यांनी हसू आवरलं आणि ब्रश उचलला. गडद रंग हनुवटीच्या टोकाला आणि कपाळावर केसांच्या कडेने लावला. फिका रंग गालांच्या खळग्यांत आणि नाकाच्या एका अंगाला. मग स्पंज तिच्या हातात दिला.

"दुसरी बाजू तू कर. रेघ राहिली तर चिखल फासल्यासारखं दिसतं. रेघ जाईस्तोवर थापटत राहा."

सुचिता थापटत राहिली.

थोरली रेणुका जाऊन दीड वर्ष झालं होतं. ऐन पावसाळ्यात ताप आला, रक्तातल्या पेशी उतरत गेल्या, आणि सासरच्या गावाहून, बीबीहून, मोठ्या दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. तिची मुलगी आरोही आजोळी आली. तेव्हापासून सुचिताचा चेहरा सुचिताचा राहिला नव्हता. भेटायला येणाऱ्या बाया तिची हनुवटी धरून रडत. "माय वं, रेणुकाच बसली समोर!" आई, मनकर्णाबाई, तिला भाकरी थापताना बघत बसे, ताटातलं वरण गार होऊन जाई. कॉलेज थोडे दिवस म्हणून सुटलं ते सुटलंच. झोपेच्या गुंगीत आरोही कधी तिला आई म्हणे. आधी सुचिता 'मावशी म्हण' म्हणायची. पुढे तेही म्हणेनाशी झाली.

आणि आता बीबीहून, त्याच घरी, सुचिताला मागणी आली होती. रेणुकाच्या नवऱ्याचे, गोविंदाचे काका नारायणराव फोनवर म्हणाले होते, "पोरीले आई भेटते, दोन्ही घरं जोडलेली राह्यतात. रविवारी येतो, पक्कं करू." वडिलांनी, उकंडरावांनी, हो म्हणून फोन ठेवला. सुचिताला कोणी विचारलं नाही. तीही नाही म्हणाली नव्हती. म्हणायला जावं तर दर वेळी आरोही मांडीवर झोपलेली असे.

दुसरा चेहरा घेऊन पाहुण्यांपुढे बसायचं, ही रेणुका नव्हे हे त्यांना दिसू द्यायचं, म्हणजे ते आपणहून थबकतील. वेडी कल्पना होती, हे तिलाही कळत होतं. पण भांडायला अंगात बळ उरलं नव्हतं. स्पंज मात्र थापटता येत होता.

रविवारी आई रिकामे कप घेऊन स्वयंपाकघरात आली आणि दारातच थांबली.

"हे काय करून ठेवलं वं तोंडाचं?"

"पाहुणे येऊन राह्यले ना."

"अवं, पण..." आईने कप खाली ठेवले. "रेणुका दिसूनच नाही राह्यली."

"मी दिसून राह्यली का, आई?"

मनकर्णाबाई ओट्याकडे वळल्या. चहा गाळताना त्यांची पाठ बराच वेळ हलत होती.

बैठकीत सुचिताने ट्रे पुढे केला. नारायणरावांनी चष्मा वर ढकलून तिच्याकडे पाहिलं, मग उकंडरावांकडे.

"हे धाकटीच ना?"

गोविंदाने नेहमीसारखा खाली बघत कप उचलला होता. दीड वर्षात तो पोरीला भेटायला येई तेव्हा सुचिताशी बोलताना फरशीकडे बघूनच बोलायचा. भिडस्त आहे, असं तिला वाटे. काकांच्या प्रश्नाने त्याने मान वर केली आणि मग ती खाली घातलीच नाही. चहावर साय धरली तरी कप हातातच होता.

थोड्या वेळाने हात धुवायचं निमित्त करून तो मागच्या अंगणात आला. सुचिता नळाशी ट्रे विसळत होती.

"सुचिता, खरं सांगू का," तो म्हणाला. "मी आज नाही म्हणायलेच आलतो. रस्त्यानं काकाले सांगीन म्हटलं, जमलं नाही."

तिचे खांदे आपोआप खाली आले. इतके दिवस ते किती वर ओढलेले होते, हे तिला तेव्हा कळलं.

"तुह्याकडे पाह्यलं की रेणुकाच दिसे मले. जलमभर तेच तोंड समोर ठेवून कसं जगावं माणसानं? पण आज..." तो सरळ तिच्याकडे बघत होता. डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती, दाढी वाढलेली होती. "आज तू येगळी दिसली. पह्यल्यांदा वाटलं, जमंल आपलं. तुले काय वाटते?"

इतक्या दिवसांत हे विचारणारा तो पहिलाच होता. म्हणूनच नाही म्हणणं अवघड झालं. कॉलेजचं सांगावं, चिनी मातीची बाहुली फुटली की दुसरी ठेवावी तसं एकीच्या जागी दुसरीला ठेवणं सांगावं, तर त्याला शब्द लागणार होते, आणि त्या शब्दांना उत्तरं द्यायला बैठकीत मोठी माणसं बसली होती.

"दाजी, थांबा जरा," ती म्हणाली आणि तिने नळ सोडला.

ओंजळीतून आधी तपकिरी पाणी गेलं, मग पांढुरकं. तिने हनुवटी चोळली, कपाळ चोळलं, नाकाच्या दोन्ही बाजू चोळल्या. ओढणीने तोंड पुसलं आणि मान वर केली.

गोविंदाची नजर तिच्या चेहऱ्यावर आली आणि तिथून नळाखालच्या ओल्या दगडावर गेली.

"बरं," तो हळूच म्हणाला. "समजलं मले."

तो आत गेला. भिंतीआडून त्याचा आवाज आला.

"काका, हे नाही जमत. तिचं काही नाही. माह्याकूनच नाही होत."

सुचिताने भिंतीला पाठ टेकली. आत उकंडराव खोकले. कोणीतरी खुर्ची सरकवली. मग नारायणराव म्हणाले, "अन् पोरीचं कसं मंग?"

"पोरगी माही हाये. इथं ठेवली म्हणूनच हे सारं निघालं. आजच नेतो. घरी माय हाये माही."

ओढणी धरलेला तिचा हात गालावरच थांबला. बैठकीत कोणीतरी काहीतरी बोलेल म्हणून ती ऐकत राहिली. मग आईची हाक आली.

"सुचे, आरोहीचे कपडे भर माय."

आरोही खुशीत होती. मोटारसायकलवर पुढे बसायला मिळणार, हे ती पिशवी भरेपर्यंत सांगत राहिली. सुचिताने तिला समोर बसवलं, केसांना तेल लावलं, मधोमध भांग पाडला. एक वेणी झाली. दुसरीही झाली.

"झालं का मावशी? पप्पा थांबले ना."

"झालंच," सुचिता म्हणाली. तिने घातलेली वेणी सोडली, केस विंचरले आणि पुन्हा पहिल्यापासून तीन पेड हातात घेतले.