लोकरीच्या व्यापाऱ्याची लेक स्वित्झर्लंडला जाते

फोनवर बिभीषण म्हणाला, "आई, रविवारी पुण्याहून येतो. स्वेटर घेऊन ठेव, तुला स्वित्झर्लंड दाखवतो."

एवढंच. पण आक्काबाईंचे कान हवं ते ऐकायचे आणि बाकीचं सोडून द्यायचे. तासाभरात उस्मानपुऱ्यातल्या त्यांच्या इमारतीत गच्चीवरच्या वाळवणापर्यंत बातमी पोचली. समोरच्या द्वारकाबाईंनी विचारलं, "पासपोर्ट काढला का?"

"आधार कार्ड आहे की. आणि पोरगा बघतोय सगळं."

शहागंजच्या बाजारातून त्यांनी जांभळा स्वेटर आणला. द्वारकाबाईंनी तो चिमटीत धरून पाहिला. "लोकर कशी हाय ते तुम्हालाच कळणार. लोकरीच्या व्यापाऱ्याची लेक तुम्ही."

आता खरं सांगायचं तर आक्काबाईंचे वडील बिरू मेंढ्या राखायचे. कातरलेली लोकर विकायचे, म्हणजे व्यापार झालाच, असं म्हणून लग्नानंतर शहरात आल्याआल्या लेकीनं त्यांना परस्पर व्यापारी करून टाकलं होतं. पस्तीस वर्षं ते खपलं. आणि तो स्वेटर? शुद्ध प्लॅस्टिक. दुकानातच बोटांना कळलं होतं, पण रंग आवडला.

रविवारी सकाळी सगळी इमारत खाली उतरली. द्वारकाबाईंनी ओटी भरली, हातावर दही घातलं. "येताना चॉकलेट आणा." बिभीषण गाडीतच होता. देवदर्शनाला निघालेल्या आईची ओटी भरतात, असं त्याला वाटलं.

विमानतळ चिकलठाण्याला, आणि गाडी निघाली उलट्या दिशेला, छावणीकडे. आक्काबाईंनी मनाशी म्हटलं, पोरगा शिकलेला, त्याला जवळची वाट माहीत असणार. दौलताबादचा दरवाजा ओलांडला तेव्हा त्यांना वाटलं, उडण्याआधी भद्रा मारुतीचं दर्शन. दर्शन झालं, पेढे घेतले, आणि गाडी घाट चढायला लागली.

"विमानतळ डोंगरावर नेला काय रे?"

बिभीषणला गाडी बाजूला घ्यावी लागली, इतका तो हसला. "आई, म्हैसमाळला चाललोय. मोबाइलवर सगळे यालाच स्वित्झर्लंड म्हणतात."

मागं बसलेली नात सृष्टीही हसत होती. आक्काबाईंना मात्र घाम फुटला. स्वेटरमुळं नव्हे. संध्याकाळी द्वारकाबाईंना काय सांगायचं?

वर पोचल्या आणि तेही विसरल्या. धुकं हातभर अंतरावर, हिरवा उतार, उतारावर काळ्या मेंढ्या. हा उतार त्यांच्या पायांना पाठ होता. बारा वर्षांच्या असताना इथंच भिजत बसून त्यांनी पावसाला शिव्या घातल्या होत्या.

"आजी, किती सुंदर आहे," सृष्टी म्हणाली.

"व्हय की. आम्हाला कुणी सांगितलं नाय."

एक मेंढी रस्त्याकडं निघाली. आक्काबाईंच्या तोंडून आपोआप हाळी गेली, "हिर्रर्र..." मेंढी वळली, पाठोपाठ कळप वळला. झाडाखालची मेंढकी उठून जवळ आली. "कुणाची गं तू, म्हातारे?"

"बिरूची," आक्काबाई म्हणाल्या. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा.

"मग ते जांभळं काय घातलंस? कुडकुडाया लागलीस." तिनं आपली घोंगडी त्यांच्या खांद्यावर टाकली, आणि निघताना काही केल्या परत घेतली नाही.

परतीच्या वाटेवर आक्काबाईंनी तीन थापा तयार केल्या. विमान रद्द झालं, बिभीषणची सुट्टी रद्द झाली, आणि तिसरी म्हणजे तिथं बर्फच फार होतं. द्वारकाबाई फाटकातच उभ्या होत्या.

"एवढ्यात आलात? आणि स्वित्झर्लंडात घोंगडी मिळती व्हय?"

आक्काबाईंनी तोंड उघडलं. घोंगडीला ओल्या मेंढीचा वास येत होता, बापाच्या अंगाला यायचा तसा. तिन्ही थापा त्यांनी सोडून दिल्या.

"म्हैसमाळला गेले होते. माझा बाप तिथं मेंढ्या राखायचा. व्यापारी-बिपारी काय नव्हता."

"ते ठावं हाय आम्हाला," द्वारकाबाई म्हणाल्या. "फाटकात शेळ्या शिरल्या की तुम्ही गॅलरीतून जी हाळी देता, तिनं शेळ्या काय, आमचे मालकसुद्धा जागच्या जागी थांबतात. व्यापाऱ्याची लेक अशी वरडती व्हय?"

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तुम्ही रंगवून सांगायचा. ऐकाया बरं वाटायचं. चॉकलेट कुठंय?"

आक्काबाईंनी पेढ्यांचा पुडा पुढं केला. पेढा तोंडात टाकून द्वारकाबाईंनी घोंगडीचं टोक चिमटीत धरलं, चोळून पाहिलं.

"ही लोकर," त्या म्हणाल्या.