मिरचीच्या रोपांवरचा दिवा

मी दिवा बोलतोय. देवघरातला नाही, आणि मंडपातला तर मुळीच नाही. साखऱ्याजवळच्या तांड्यावर संगितानं मिरचीच्या रोपांसाठी केलेला दिवा. हे आधीच सांगून टाकतो, कारण मी कशासाठी आहे हे कोणी विचारलं नाही म्हणून एकदा फार मोठी नासधूस झाली. तो राग अजून माझ्या पत्र्यातून गेलेला नाही.

माझं अंग म्हणजे अल्युमिनियमची एक जुनी परात. काठ वाकला म्हणून घरच्यांनी ती कोंबड्यांना पाणी ठेवायला टाकली होती. तिथून मला संगितानं उचललं. ती या घरची धाकटी सून. लग्नानंतर चार वर्षं नवऱ्यासोबत वाळूजला राहिली आणि एका कारखान्यात सर्किटवर सोल्डरनं तारा जोडायचं काम केलं. सासरा आजारी पडला, मग सगळे परत तांड्यावर आले. तिच्या हातात काय कसब आहे, हे इथं कोणाच्या ध्यानातही नव्हतं. कोणाचा रेडिओ मुका झाला तरच तिची आठवण व्हायची.

२००७ सालचा उन्हाळा होता. संगिताची सासू पद्माबाई एक जुनी मिरची जपून होती. बोटाच्या पेराएवढी, जाड, वाळली की काळपट होणारी. पण तीन वर्षं झाली, बाहेर वाफ्यात टाकलेली रोपं पांढऱ्या माशीनं धरली, पानं मुरडली आणि सगळं गेलं. शेवटी काजळाच्या डबीत उरलं एकसष्ट बी. पद्माबाईला नीट दिसत नव्हतं, मोतीबिंदू झाला होता. तरी तिनं ते बोटानं चाचपून मोजलं होतं.

संगिताला ती म्हणाली, "औंदा हे गेलं तर गेलंच म्हण."

"जात न्हाई, याडी," संगिता म्हणाली. सासूला ती याडीच म्हणायची, आई म्हणावं तसं.

घराच्या मागच्या कोठीला खिडकी नव्हती. त्यामुळं आत माशी शिरत नव्हती, आणि त्याचमुळं उजेडही शिरत नव्हता. संगितानं रेडिओवरच्या शेतीच्या कार्यक्रमात ऐकलं होतं की उजेडातला लाल आणि निळा भाग रोपाच्या जास्त कामाचा. ती नांदेडला जाऊन बारके एलईडी घेऊन आली, साठ लाल, छत्तीस निळे. खिळा आणि हातोडी घेऊन तिनं माझ्या बुडाला शहाण्णव भोकं पाडली. दुखलं का, असं कोणी विचारलं तर सांगेन की दुखलं. पण प्रत्येक भोकात एकेक दिवा बसत गेला तसं मला आपण काहीतरी होत चाललो आहोत, असं वाटत गेलं.

बॅटरी एका जुन्या जीपची, बारा व्होल्टची. म्हणून लाल पाच-पाच जोडले, निळे तीन-तीन, आणि प्रत्येक ओळीला करंट आवरणारा एक रेझिस्टर. लाइट असली की बॅटरी भरायची, लोडशेडिंग आलं की तिच्यावर मी जळायचो. पहिल्यांदा तार लावली तेव्हा कोठी गुलाबी-जांभळी झाली. पद्माबाईला तेवढं मात्र अंधुक दिसलं. तिनं हात पुढं करून विचारलं, "गरम हाय का गं?"

"थोडं. भाजत न्हाई."

माझ्याखाली ट्रेमध्ये बी पडलं. बाराव्या दिवसापर्यंत त्रेचाळीस कोंब वर आले. वीतभर अंतरावरून मी त्यांच्याकडं बघत असे. आधी वाकलेली मान, मग दोन पानं, मग त्या पानांचं माझ्याकडं वळणं. माझ्याकडं असं आजवर कोणी वळून पाहिलं नव्हतं.

मग पद्माबाईच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख आली. संगिता तिला घेऊन हिंगोलीला निघाली, चार दिवसांसाठी. निघताना तिनं नवऱ्याला, संतोषला, कोठीत उभं करून सांगितलं, "सकाळी सहाला लावायचा, दिवस मावळल्यावर काढायचा. पाणी हातानं शिंपडायचं, ओतायचं न्हाई."

"व्हय, व्हय. समजलं," संतोष म्हणाला. माणसं दोनदा व्हय म्हणतात तेव्हा त्यांनी ऐकलेलं नसतं, हे मला त्या दिवशी कळलं.

संगिता गेली त्याच दुपारी संतोषचा मोठा भाऊ प्रेमसिंग कोठीत आला. तो नुकताच ग्रामपंचायतीत निवडून आला होता आणि साखऱ्याच्या शाळेच्या मैदानावर त्याचा सत्कार ठरला होता.

"हे गुलाबी लय भारी दिसते," तो म्हणाला. "मंडपात लावू."

"रोपं हायत खाली," संतोष म्हणाला. "ती रागावंल."

"रोपाला पाणी घाल ना. उजेडानं पोट भरते का कोणाचं?"

भरतं. रोपाचं पोट उजेडानंच भरतं. शेतकऱ्याच्या पोटी जन्मून त्याला एवढं ठाऊक नव्हतं, आणि ज्याला ठाऊक होतं तो संतोष मुकाट्यानं माझी तार सोडवत होता. कोणाचा राग जास्त करावा, हे मला आजही ठरवता येत नाही.

मंडपवाल्यानं तीन दिवस मला सामानात टाकून ठेवलं. चौथ्या दिवशी प्रेमसिंगच्या खुर्चीमागं बांधलं, बरोबर डोक्याच्या उंचीवर, मूर्तीमागं प्रभावळ असते तसं. जोडलं मंडपवाल्याच्या कोणत्यातरी विजेच्या खोक्याला. करंट जास्तीचा होता. एका बाजूचे निळे दिवे पटापट करपले, पत्र्यावर काळा डाग पडला. खाली कोणाचं लक्ष नव्हतं. हार येत होते.

त्याच दिवशी संगिता परतली होती. घरी काय झालं ते मी पाहिलं नाही, नंतर पद्माबाईच्या तोंडून ऐकलं. एका डोळ्यावर हिरवी पट्टी असताना तिनं दारातच म्हटलं होतं, "आधी माझी लेकरं दाखव." संगितानं कोठी उघडली. आत अंधार, कोंदट हवा, आणि ट्रेमध्ये पांढऱ्या दोऱ्यासारखी लांबलेली रोपं आडवी. संतोषनं पाणी ओतलं होतं, शिंपडलं नव्हतं. पद्माबाईनं बोट फिरवून बघितलं आणि बोट पदराला पुसलं. दिवा मंडपात नेल्याचं मग शेजाऱ्यांनी सांगितलं.

मंडपात दिवस मावळायला आला होता. प्रेमसिंग माइकपुढं उभा राहून आभार मानत होता, तेवढ्यात संगिता पायऱ्या चढून वर आली. या घरात मोठ्या दिरासमोर सुनेनं पदर पुढं ओढायचा आणि बोलायचं नाही, अशी रीत. तिचा पदर खांद्यावरच होता.

"तो दिवा माझा हाय. मी नेऊन राहिले," ती म्हणाली.

माइक चालू होता. ते सगळ्या मैदानानं ऐकलं.

"कार्यक्रम होऊ दे," प्रेमसिंग हळू आवाजात म्हणाला. "मग ने."

"त्रेचाळीस रोपं होती. याडीचं शेवटलं बी होतं. तुमी विचारलं काहून न्हाई?"

"दिवाच तर हाय. दुसरा करून घे."

"दिवा मी दहा करीन. बी तुमी करून द्या."

पुढच्या रांगेतलं कोणीतरी हसलं, मग थांबलं. संतोष हाराचं ताट घेऊन बाजूला उभा होता. "पक्कड द्या," संगिता त्याला म्हणाली. तो खाली बघत राहिला. मग ती स्वतः खुर्चीवर चढली, प्रेमसिंगच्या त्याच खुर्चीवर, आणि पदरानं धरून मला ओढून काढलं. मी तापलेला होतो. तिचा हात पोळला, पण तिनं सोडलं नाही.

त्रेचाळीसपैकी सहा रोपं जिवंत होती. संगितानं जळालेले निळे दिवे काढले, उरलेल्यांच्या ओळी नव्यानं बांधल्या, मला रोपांच्या चार बोटं वर आणलं. लांबलेल्या देठांना माती लावली. संतोषशी ती आठ दिवस बोलली नाही. तो न सांगता नांदेडहून निळे दिवे घेऊन आला. "ठेवा तिथं," एवढंच ती म्हणाली. एक रोप पुढं गेलंच, जूनमध्ये उरलेली पाच परसात लागली. पद्माबाईनं त्यांना जुन्या पातळाची खोळ शिवून माशीपासून झाकलं, आणि दिवाळीनंतर पाचही झाडांची मिरची बियाण्यालाच ठेवली. त्या वर्षी त्यातली एकही घरात खाल्ली गेली नाही.

यंदा, २००९ ला, माझ्याखाली दोनशे रोपं होती. प्रेमसिंगही मागायला आला. संगितानं त्याला पद्माबाईकडं पाठवलं. तो आईपुढं जमिनीवर बसला, चुकलं म्हणाला, आणि दहा रोपं घेऊन गेला. पद्माबाईनं ती स्वतः मोजून दिली.

त्या दोघींनी माफ केलं असेल. त्यांचं मन मोठं आहे, माझं परातीएवढंच. माझ्या एका कडेला तो काळा डाग आहे, तिथले दिवे बदलूनही थोडे मंद जळतात, आणि त्या बाजूची रोपं दरवर्षी जरा उशिरा पानं धरतात. तुम्हाला मी शोभेचा वाटलो तर वाटू द्या. पण माझ्या तारेला हात घालण्याआधी खाली वाकून बघा. तिथं कोणीतरी जेवत असतं.